डोक्यावरची गाठ, मांडीतलं दुखणं आणि ‘स्वच्छ’ पेट स्कॅन

प्रश्न सोलापुरातून आलेला आहे. वडील ५९ वर्षांचे, सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलेलं, तंबाखू-चुन्याची जुनी सवय. अन्ननलिकेच्या मधल्या भागात स्क्वॅमस प्रकारचा, म्हणजे अस्तरातल्या चपट्या पेशींचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन न करता केमो आणि रेडिएशन एकत्र दिलं, ते संपून दहा महिने झाले. गिळणं सुधारलं, वजनही थोडं वाढलं. आता डोक्याच्या मागच्या बाजूला बोराएवढी घट्ट गाठ आली आहे आणि उजवी मांडी रात्री दुखते. नव्या पेट स्कॅनमध्ये (टोचलेली किरणोत्सारी साखर जिथे जास्त खाल्ली जाते ती जागा यात चमकते) यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ, छातीच्या मध्यभागी एका लिम्फ नोडमध्ये, म्हणजे लसिकाग्रंथीत, मात्र थोडी चमक. डॉक्टर म्हणाले, ‘पसरला असावा.’ मुलाच्या शंका दोन. यकृत-फुप्फुसं सोडून हा आजार डोक्याच्या कातडीत जाईलच कसा? आणि गाठ जवळच्याच सर्जनकडून कापून घ्यावी का?

घाई मांडीची आहे, म्हणून आधी मांडी. दुखण्याने रात्री जाग येत असेल किंवा पायावर भार देताना कळ उठत असेल, तर हाड शाबूत आहे हे ठरेपर्यंत ते कमकुवत आहे असंच धरून चालायचं. तेल लावून रगडणं, हाडवैद्याकडून पाय ओढून घेणं, शेकून जोर लावणं हे आजपासून बंद. चालताना काठी डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूला, धरायला सांगा. जिने शक्यतो टाळा. उद्याच मांडीच्या पूर्ण हाडाचा एक्स-रे काढा. खुब्यापासून गुडघ्यापर्यंतचं सगळं हाड त्यात आलं पाहिजे, आणि तो समोरून व बाजूने असा दोन्हीकडून हवा. दुखतं तेवढ्याच जागेची फिल्म काढली की फसगत होते, कारण खुब्यातलं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं आणि कमरेच्या मणक्यातलं मांडीत. शिवाय हाडातलं साधारण तीस ते पन्नास टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या एक्स-रेमध्ये डाग दिसत नाही. एक्स-रे नॉर्मल आला आणि दुखणं तसंच राहिलं, तर एमआरआय करावाच लागतो.

हाडात डाग निघालाच तर तो मोडण्याइतका मोठा आहे का, हे अस्थिरोगतज्ज्ञ मिरेल्सच्या गुणांवरून ठरवतात. जागा, दुखण्याची तीव्रता, डाग हाड खाणारा आहे की हाड वाढवणारा, आणि हाडाच्या जाडीच्या मानाने त्याचा आकार, या चार बाबींना प्रत्येकी एक ते तीन गुण असतात. बेरीज नऊ किंवा जास्त आली तर हाड मोडण्याची वाट न पाहता आधीच रॉड टाकतात. आठ गुण म्हणजे काठावरची स्थिती, तिथे तज्ज्ञाचा अंदाज चालतो. मोडल्यावर ऑपरेशन करण्यापेक्षा आधी केलेलं सगळ्याच बाबतीत सोपं जातं. एक अट मात्र पाळायची. डाग एकच असेल आणि कॅन्सर पसरल्याचा, तुकडा तपासून मिळणारा पुरावा कुठूनच आलेला नसेल, तर आधी त्या हाडाची बायोप्सी आणि मग रॉड. तो डाग हाडाचाच स्वतंत्र कॅन्सर निघाला तर रॉड टाकताना त्याच्या पेशी हाडाच्या पूर्ण लांबीभर पसरलेल्या असतात.

मांडी किंवा पोटरी सुजलेली असेल, एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड दिसत असेल, तर एक्स-रेसोबत शिरांचा डॉपलरही, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्या. कॅन्सरच्या रुग्णात शिरेत रक्ताची गुठळी होण्याचं प्रमाण बरंच असतं आणि तिचा उपचार पूर्ण वेगळा आहे.

आता त्या ‘स्वच्छ’ पेट स्कॅनकडे येऊ. नेहमीचा पेट-सीटी कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंत काढतात. डोक्याचा वरचा आणि मागचा भाग, गुडघे, पोटऱ्या, बहुतेक वेळा हातही चित्राबाहेर राहतात. रिपोर्टच्या सुरुवातीला तपासणी कशी केली याच्या दोन-तीन ओळी असतात. कुटुंबीय त्या सोडून थेट शेवटचा निष्कर्ष वाचतात. त्या ओळी वाचा. ज्या दोन जागांची तुम्हाला काळजी आहे, त्यांतली एक नक्की आणि दुसरी अर्धी चित्रात आलेलीच नसण्याची दाट शक्यता आहे. पुढच्या वेळी अपॉइंटमेंट घेतानाच ‘डोक्यापासून पावलापर्यंत’ असं लिहून मागायचं आणि गाठ कुठे आहे हे टेक्निशियनला बोट ठेवून दाखवायचं.

पेट स्कॅनच्या आणखी तीन मर्यादा लक्षात ठेवा. मेंदू एरवीही भरपूर साखर खातो, त्यामुळे तो पूर्ण चमकतो आणि त्यातला लहान डाग झाकला जातो. मेंदूसाठी औषध टोचून केलेला एमआरआयच लागतो. आठ-दहा मिलिमीटरपेक्षा लहान गाठी निसटतात. आणि रक्तातली साखर २०० च्या वर असेल तर चित्र बिघडतं. वडिलांना मधुमेह असेल तर आदल्या दिवशी सेंटरला फोन करून मेटफॉर्मिन आणि इन्सुलिनचं काय करायचं ते विचारा. मेटफॉर्मिन चालू असताना आतडी इतकी चमकतात की पोटातलं बाकी काही नीट वाचता येत नाही.

हा आजार असा भलतीकडे का जातो

अन्ननलिका सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांब. मान, छाती आणि पोटाचा वरचा भाग अशा तीन प्रदेशांतून ती जाते. बाकी आतड्यांवर बाहेरून असतं तसं गुळगुळीत आवरण तिच्या बहुतेक लांबीवर नसतं. शिवाय तिच्या आतल्या थरांत लसिकावाहिन्यांचं उभं जाळं आहे. कॅन्सरच्या पेशी आडव्या बाहेर पडण्याआधी या जाळ्यातून वर-खाली लांबवर सरकतात. म्हणून छातीतल्या कॅन्सरची पहिली गाठ जवळच्या नोडऐवजी थेट गळ्याच्या हाडाच्या वर किंवा पोटात जठराच्या मुळाशी सापडते. शेजारचे नोड मोकळे आणि लांबचा भरलेला, हे या आजारात नवल नाही.

रक्ताचे मार्ग तीन आहेत. खालच्या भागातलं रक्त जठराच्या शिरेतून यकृताकडे जातं, मधल्या भागातलं अझायगस शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून फुप्फुसात, तर वरच्या भागातलं थायरॉइडच्या खालच्या शिरांकडे. यकृत आणि फुप्फुस ही नेहमीची ठिकाणं यातूनच ठरतात. पण मणक्याभोवती शिरांचं आणखी एक जाळं आहे. ऑस्कर बॅटसन या शरीररचनाशास्त्रज्ञाने १९४० मध्ये त्याचं वर्णन केलं. या शिरांना झडपा नाहीत. अझायगसशी त्यांचा संबंध आहे आणि ओटीपोटापासून कवटीच्या आतल्या शिरांपर्यंत त्या पसरलेल्या आहेत. खोकला आला, शौचाला जोर लावला, जड काही उचललं की छाती-पोटातला दाब वाढतो आणि या जाळ्यातला प्रवाह उलटा फिरतो. त्या प्रवाहात सापडलेली पेशी यकृत आणि फुप्फुस या दोन्ही गाळण्यांना बगल देऊन मणक्यात, कवटीत आणि कवटीच्या छिद्रांतल्या शिरांवाटे डोक्याच्या कातडीत पोचू शकते. फुप्फुसं स्वच्छ असताना डोक्यावर गाठ येते ती बहुधा अशी. काही पेशी फुप्फुसाच्या केशवाहिन्यांतून निसटून धमन्यांत उतरतात. मांडीच्या हाडाचा वरचा भाग त्यांना मानवतो, कारण तिथे प्रौढ वयातही रक्त तयार करणारा लाल मगज असतो. पोचलेली प्रत्येक पेशी रुजत नाही. स्टीफन पॅजेट या ब्रिटिश सर्जनने १८८९ मध्येच बी आणि जमीन यांचं उदाहरण देऊन हे मांडलं होतं. स्नायूंना रक्तपुरवठा भरपूर असूनही कॅन्सर तिथे क्वचितच रुजतो. सततचं आकुंचन, कमी-जास्त होणारा प्रवाह आणि लॅक्टिक आम्ल यांकडे त्याचं कारण म्हणून बोट दाखवतात.

म्हणजे तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर असं: जाऊ शकतो, मार्ग आहे. पण त्वचेत पसरणं या कॅन्सरमध्ये फार दुर्मीळ. गेल्या दहा महिन्यांत उगवलेली प्रत्येक नवी गोष्ट त्याच खात्यावर मांडू नका.

पसरल्यासारखं दिसणारं, पण नसणारं

आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा घ्यायचा. छातीतला एखादा चमकणारा नोड, मणक्यातला डाग, कमरेच्या आतल्या सोआस स्नायूतला गोळा, मानेतली गाठ: हे सगळं क्षयात होतं आणि पेट स्कॅनवर कॅन्सरइतकंच तेजाने उजळतं. रिपोर्टमधल्या चमकेच्या आकड्यांवरून दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत. केमोने प्रतिकारशक्ती उतरलेली आणि वजन घटलेलं असताना जुना झोपलेला क्षय जागा होणं अगदी शक्य असतं. क्षयाला कॅन्सर समजून केमो दिला तर रुग्णाचं काय होईल हे सांगायला नको.

दुसरा संशय खुद्द रेडिएशनचा. अन्ननलिकेच्या मधल्या-खालच्या भागाला शेक, म्हणजे रेडिएशन, देताना यकृताचा डावा भाग किरणांच्या वाटेत येतो. पुढच्या काही महिन्यांत तो पेट स्कॅनवर चमकतो आणि ‘यकृतात पसरला’ असा रिपोर्ट हातात पडतो. रेडिएशनच्या नकाशावर तो डाग ठेवून पाहिला आणि कडा जुळल्या, तर तो रेडिएशनचाच परिणाम असल्याची शंका बळावते. फुप्फुसात किरणांमुळे आलेली सूज, हृदयाभोवती साठलेलं पाणी, शेक दिलेल्या पट्ट्यातल्या मणक्याचं कमकुवत होऊन दबणं, यांचंही तसंच. म्हणून रेडिएशनचा पूर्ण तपशील, म्हणजे एकूण ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक), किती भागांत दिलं, तारखा आणि नकाशाची चित्रं, फाइलमध्ये हवा. डिस्चार्ज कार्डावर ‘रेडिएशन पूर्ण’ एवढंच लिहिलेलं असतं आणि ते पुरत नाही.

तिसरा संशय दुसऱ्या स्वतंत्र कॅन्सरचा. तंबाखू, मिश्री, विडी आणि दारू तोंडापासून अन्ननलिकेपर्यंतचं आणि फुप्फुसाचं सगळंच अस्तर नासवतात. एका जागी कॅन्सर झालेल्या माणसात दुसऱ्या जागी वेगळा, सुरुवातीचा आणि बरा होणारा कॅन्सर सापडू शकतो. फुप्फुसातली एकच गाठ असेल तर हा विचार केल्याशिवाय ‘चौथी स्टेज’ लिहू नये. थायरॉइडमध्ये एकच ठिपका चमकला तर त्यातले साधारण एक तृतीयांश कॅन्सरचे निघतात, पण तेही बहुतेक थायरॉइडचेच आणि हळू वाढणारे. सुईची तपासणी करून ठरतं.

डोक्यावरची गाठ: कापायची, पण कशी

दुसऱ्या शंकेचं उत्तर ‘हो, पण’ असं आहे. चरबीची किंवा पाण्याची गाठ समजून भूल देऊन काढली आणि गाठ बादलीत गेली, असं घडू देऊ नका. गाठ काढण्यापेक्षा ती तपासणीला जाणं जास्त महत्त्वाचं आहे.

आधी गाठीची सोनोग्राफी, उथळ भागाच्या प्रोबने. पाहायचं एवढंच की गाठ फक्त कातडीत आहे की खालच्या कवटीच्या हाडातून वर आली आहे. हाडाची बाहेरची भिंत खाल्लेली दिसली तर पुढची पायरी सीटी किंवा एमआरआय. अशा गाठीला ओपीडीत चिरा दिला तर रक्तस्राव आवरत नाही आणि खाली मेंदूचं आवरण असतं. कातडीतलीच गाठ असेल तर पंच बायोप्सीने (छोट्या गोल पात्याने) किंवा छोट्या चिऱ्याने तुकडा घेता येतो. पंच वापरला तर तो खोल गेला पाहिजे. पसरलेला कॅन्सर कातडीच्या खालच्या थरात बसतो आणि वरचा पापुद्रा बराच काळ चांगला असतो, त्यामुळे वरवरचा तुकडा ‘काही आढळलं नाही’ म्हणून परत येतो. वडील रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर आधी सांगा. प्लेटलेट पन्नास हजारांच्या वर आहेत ना, तेही पाहा.

तुकड्याचे दोन भाग करायला सांगा. एक दहा टक्के फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट तरी द्रव असलेल्या बाटलीत. हा कॅन्सरच्या तपासणीसाठी. दुसरा साध्या सलाइनमध्ये, क्षयाच्या सीबीनॅट (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी). सगळाच तुकडा फॉर्मलिनमध्ये बुडाला तर कल्चरची संधी गेली, आणि ही चूक रोज होते. सीबीनॅट सरकारी क्षय कार्यक्रमात मोफत होतं. सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, त्याची चौकशी करा.

पॅथॉलॉजिस्टला जाणाऱ्या फॉर्मवर ‘डोक्यावरची गाठ’ एवढंच लिहू देऊ नका. अन्ननलिकेचा स्क्वॅमस कॅन्सर, केमो-रेडिएशन कधी संपलं, गाठ किती आठवड्यांची, हे लिहिलेलं असलं की तो वेगळ्या नजरेने पाहतो. सोबत पहिल्या बायोप्सीच्या काचा (स्लाइड) आणि तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ब्लॉक द्या. पी-४० किंवा सीके-५/६ या रंगांच्या तपासण्या कॅन्सर स्क्वॅमस आहे एवढं सांगतात, तो कुठून आला ते सांगत नाहीत. घसा, फुप्फुस, कातडी आणि अन्ननलिका, सगळ्यांचे स्क्वॅमस कॅन्सर या रंगांत सारखेच दिसतात. जुन्या आणि नव्या काचा शेजारी ठेवून पाहणं, गाठीचा वरच्या पापुद्र्याशी संबंध आहे का हे तपासणं आणि क्लिनिकल माहिती, यावरच निर्णय होतो. अन्ननलिकेचा कॅन्सर अ‍ॅडिनो प्रकारचा, म्हणजे ग्रंथीच्या पेशींचा, असता तर हर-टू या प्रथिनाची तपासणीही मागायला सांगितलं असतं. स्क्वॅमसमध्ये तिचा उपयोग नाही. पीडी-एल१ या प्रथिनाची तपासणी मात्र आत्ताच मागून ठेवा, पुढे इम्युनोथेरपी ठरवताना लागेल. हाडाचा तुकडा घेतला तर तो तीव्र आम्लाऐवजी ईडीटीए या सौम्य रसायनात मऊ करायची विनंती करा, कारण आम्लाने पेशींतला डीएनए नासतो आणि पुढच्या तपासण्या बाद होतात.

छातीतल्या नोडचं काय? डोक्यावरची गाठ कॅन्सरची निघाली तर नोडमधून वेगळा तुकडा घेऊन बहुतेक वेळा काही बदलत नाही. ती साधी निघाली तर मात्र नोडला दुर्बिणीतून सोनोग्राफी करत सुई लावावी लागेल, आणि तेव्हाही नमुना दोन बाटल्यांत.

इतर विचित्र ठिकाणं, जी घरच्यांनी ओळखावीत

सगळी यादी इथे देत नाही. ज्यात उशीर झाला तर महागात पडतं तेवढीच सांगतो. खालचा ओठ आणि हनुवटी एका बाजूला बधिर होणं हे दाताचं दुखणं समजून दातांच्या डॉक्टरकडे जातं. दात ठीक असताना हनुवटी बधिर झाली तर जबड्याच्या हाडात किंवा कवटीच्या तळाशी आजार पोचल्याची शंका घ्यायची आणि एमआरआय करायचा. एका डोळ्याने अचानक धूसर किंवा वाकडं दिसू लागलं तर मोतीबिंदू म्हणून थांबू नका. बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. बोटाच्या टोकाला लाल, ठणकणारी सूज नखुरड्यासारखी दिसते, पण प्रतिजैविकांनी आठवड्यात उतरली नाही तर बोटाचा एक्स-रे. मांडी, पाठ किंवा कुल्ल्यात स्नायूत आलेला दुखरा गोळा गळू म्हणून फोडू नये, आधी सोनोग्राफी आणि सुई.

पोटातून जठरात टाकलेल्या नळीच्या छिद्रापाशी मांस वाढल्यासारखं दिसणं, हेही एक. तोंडातून दुर्बीण घालून नळी ओढून बसवताना ती अन्ननलिकेतल्या कॅन्सरला घासून जाते आणि पेशी छिद्रापाशी पेरल्या जाऊ शकतात. म्हणून अन्ननलिकेत गाठ असताना थेट पोटाच्या भिंतीतून बसवलेली नळी किंवा लहान आतड्यात घातलेली नळी पसंत करतात.

मणक्याबद्दल थोडं सविस्तर. पाठदुखी रात्री, आडवं पडल्यावर वाढत असेल, तर ‘मणक्यात गॅप’ म्हणून पट्टा बांधून बसू नका. पाय जड पडणं, कमरेभोवती आवळल्यासारखं वाटणं, लघवी अडणं यांतलं काही दिसलं तर चोवीस तासांत संपूर्ण मणक्याचा एमआरआय हवा. मज्जारज्जू दबला असेल तर डॉक्टर सहसा डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या १६ मिलिग्रॅमने सुरुवात करून तातडीने रेडिएशन किंवा ऑपरेशन ठरवतात. उपचार सुरू होताना रुग्ण चालत असेल तर पुढेही चालण्याची शक्यता चांगली असते. पाय पूर्ण गेल्यावर आलेल्या रुग्णाचे पाय क्वचितच परत येतात. सोमवारच्या ओपीडीची वाट पाहायची ही गोष्ट नव्हे.

आणि एक सोंग. वडील अचानक असंबद्ध बोलू लागले, सारखी तहान, लघवी वारंवार, शौचाला घट्ट, सुस्ती, तर घरचे म्हणतात मेंदूत गेला. स्क्वॅमस कॅन्सर एक रसायन सोडून रक्तातलं कॅल्शियम चढवतो, हाडात एकही डाग नसला तरी. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्यात गिळायचा त्रास म्हणून पाणी कमी प्यायलं जातं, आणि कॅल्शियम आणखी चढतं. रक्ताची साधी तपासणी आहे, अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनासकट करायची. अल्ब्युमिन चारपेक्षा जितकं कमी असेल तितक्याला ०.८ ने गुणून आलेला आकडा कॅल्शियममध्ये मिळवायचा. खरा आकडा तो. कुपोषित रुग्णात रिपोर्टवरचा आकडा फसवा असतो: कॅल्शियम १०.४ आणि अल्ब्युमिन २ असेल तर प्रत्यक्षात ते १२ आहे. शिरेतून सलाइन आणि मूत्रपिंडाचं काम पाहून झोलेड्रोनिक आम्ल ४ मिलिग्रॅम दिलं की दोन-तीन दिवसांत माणूस बहुधा पुन्हा नीट बोलू लागतो. वडिलांचं कॅल्शियम याच आठवड्यात करून घ्या.

कॅन्सरच निघाला तर

कागदावर स्टेज चार-बी होईल. डोक्यावरची एक गाठ असो की यकृतात वीस, अक्षर तेच पडतं, पण उपचाराचा विचार तसा सारखा नसतो. किती ठिकाणी, मूळ जागा शांत आहे का, आधीचा उपचार संपून किती दिवस झाले, आणि वडील दिवसातला किती वेळ उठून फिरतात, या चार गोष्टी स्टेजच्या अक्षरापेक्षा जास्त सांगतात.

मूळ जागा ताब्यात आणि पसरलेल्या गाठी चार किंवा कमी असतील, तर औषधांसोबत त्या गाठींवर थेट रेडिएशन किंवा ऑपरेशन करण्याचा विचार आता होतो. शांघायच्या ‘ईएसओ-शांघाय १३’ या चाचणीत अशा १०४ स्क्वॅमस रुग्णांत आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यम काळ (निम्म्या रुग्णांत याहून जास्त, निम्म्यांत कमी) फक्त औषधांवर ६.४ महिने होता, थेट उपचार जोडल्यावर १५.३ महिने. चाचणी लहान आहे. पण तुमच्या वडिलांच्या गाठी खरोखर मोजक्या निघाल्या तर डॉक्टरांशी हा विषय काढण्याइतकी भक्कम आहे.

‘शेक एकदाच देता येतो’ असा समज आहे, तो अर्धवट आहे. मर्यादा त्याच जागेला पुन्हा देण्यावर आहे. डोकं किंवा मांडीला पूर्वी किरणं मिळालेलीच नाहीत, तिथे पूर्ण मात्रा देता येते. हाडाच्या दुखण्यासाठी ८ ग्रे एकाच बैठकीत पुष्कळदा पुरतं. रोज येरझाऱ्या घालायला लावणाऱ्या दहा बैठकींइतकाच आराम त्याने मिळतो, फक्त पुढे पुन्हा देण्याची वेळ जरा जास्त येते. आराम दोन ते चार आठवड्यांत येतो, आणि पहिले दोन-तीन दिवस दुखणं वाढू शकतं हे आधी सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर घरचे घाबरतात. रॉड टाकला असेल तर जखम भरल्यावर रेडिएशन.

औषधांमध्ये केमोला इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध उभी करणाऱ्या औषधांची, जोड हा आजचा मुख्य मार्ग. ‘कीनोट-५९०’ चाचणीत पीडी-एल१ चा सीपीएस (ते प्रथिन किती आहे हे सांगणारा गुणांक) दहा किंवा जास्त असलेल्या स्क्वॅमस रुग्णांत मध्यम आयुष्यमान ८.८ वरून १३.९ महिन्यांवर गेलं. सीपीएस फार कमी असेल तर फायदा बारीक होतो, म्हणून जमीन विकायच्या आधी हा आकडा हातात घ्या. टाटा मेमोरियलच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध अवघं २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, तोंडाने घ्यायच्या औषधांसोबत दिलं, आणि एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. तो अभ्यास तोंड-घशाच्या कॅन्सरचा होता, अन्ननलिकेचा नव्हे. तरी पूर्ण मात्रा परवडत नसेल तर कमी मात्रेबद्दल मोकळेपणाने विचारा. डॉक्टरांना तो प्रश्न नवा नाही.

दुखण्यासाठी मॉर्फिनला घाबरू नका. साधारण ५ ते १० मिलिग्रॅम दर चार तासांनी, सोबत पहिल्या दिवसापासून रेचक. किडनी कमजोर असेल तर मात्रा आणि अंतर दोन्ही बदलतात. गिळायला त्रास असेल तर साधी गोळी चुरून देता येते. चोवीस किंवा बारा तास चालणारी गोळी मात्र कधीही चुरू नये, सगळी मात्रा एकदम सुटते.

बायोप्सी आणि एक्स-रे सोलापुरात होतील. पुढे रेडिएशनसाठी बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय सत्तर किलोमीटरवर आहे. एका बैठकीच्या शेकासाठी पुणे-मुंबई गाठायची गरज पडू नये. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी मागताना तुकड्याचा रिपोर्ट लागतो, म्हणून तो हातात येण्याआधी अर्ज करून फेऱ्या मारू नका. मुंबईला दुसरं मत घ्यायला निघालात तर पेट स्कॅनचा कागदी रिपोर्ट पुरत नाही, सीडी लागते. दोन्ही बायोप्सींचे ब्लॉक मूळ लॅबकडून पोच देऊन घ्या आणि पर्समध्ये नव्हे, गार जागी डब्यात ठेवा. उन्हाळ्यात बंद गाडीत मेण वितळतं.